भूक कमी करणारी गोळी सुरू करायची आहे, काय काय सांभाळावं लागतं?

रानजाई

नमस्कार मंडळी, बहिणीसाठी विचारतेय. वजन बरंच वाढलंय, गुडघे बोलायला लागलेत, झोपेत घोरते, आहार-व्यायाम सगळं मनापासून करून झालं पण काटा थोडा खाली जातो आणि परत वर येतो. आता डॉक्टर फेन्टरमिन सुरू करू म्हणतायत. पुढच्या भेटीत चिठ्ठी मिळेल. तिचं बीपी काठावर असतं, सर्दीचा कायमचा त्रास आहे म्हणून नाक मोकळं करायच्या गोळ्या मधूनमधून चालू असतात, आणि कॉफीशिवाय तिचं पान हलत नाही.

त्यात तिच्या ऑफिसमधल्या मैत्रिणीने स्वतःची उरलेली पट्टी देऊ केलीय, की डॉक्टरांच्या भेटीपर्यंत ही घे, तेच औषध आहे. मी ती घेऊ नको म्हणून सांगितलंय पण का नको ते मला नीट समजावता आलं नाही. ज्यांना या औषधांची माहिती आहे किंवा ज्यांनी घेतलीयेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. साईड इफेक्ट काय होतात, आधी काय तपासून घ्यायचं, आणि कशाला घाबरायचं, कशाला नाही.

औषधवाली

रानजाई, फार्मसीत काम करते म्हणून लिहितेय. पहिलं म्हणजे ती पट्टी परत करायला सांग, आजच.

का ते सांगते. फेन्टरमिन हे अ‍ॅम्फेटामिनच्या, म्हणजे मेंदूला उत्तेजना देणाऱ्या औषधाच्या, नात्यातलं आहे. ते मेंदूत नॉरएपिनेफ्रिन वाढवतं. अचानक भीती वाटली की आपली भूक मरते, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, झोप उडते, त्या सगळ्यामागे हेच रसायन. गोळीने भूक मरते ती याच रस्त्याने, त्यामुळे बाकीच्या गोष्टीही थोड्याफार येणारच. तोंडाला कोरड, झोप न लागणं, बद्धकोष्ठता, चिडचिड, हात थरथरणं, नाडी जलद होणं, बीपी वाढणं हे सगळं बघायला मिळतं. बऱ्याच जणांना सुरुवातीला जाणवतं आणि मग कमी होतं. पण ज्यांचं हृदय आधीच अडचणीत आहे त्यांच्यासाठी हा जास्तीचा भार धोक्याचा.

म्हणून हृदयविकार, आधी झालेला स्ट्रोक, ताब्यात नसलेलं बीपी, वाढलेला थायरॉईड, काचबिंदू, गरोदरपण, अंगावर पाजणं, पूर्वीचं व्यसन यातलं काहीही असेल तर हे औषध द्यायचं नसतं. डिप्रेशनसाठी पूर्वी दिली जायची ती एमएओआय गटातली औषधं चालू असतील तर नाहीच, बंद केली असतील तरी मधे निदान १४ दिवस जावे लागतात, नाहीतर बीपी भडकू शकतं. मैत्रिणीच्या पट्टीवर यातलं काही लिहिलेलं नसतं. तिच्या डॉक्टरांनी ते तिला तपासून दिलंय, तुझ्या बहिणीला नाही.

आता तुझ्या बहिणीबद्दल. नाक मोकळं करायच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलेफ्रिन असतं आणि तेही रक्तवाहिन्या आवळतं, बीपी वाढवतं. त्यावर फेन्टरमिन, त्यावर दिवसभर कॉफी. एकाच बाजूला ढकलणाऱ्या तीन गोष्टी झाल्या. डॉक्टरांना ही सर्दीची गोळी माहितीये का? लोक हमखास सांगत नाहीत, कारण 'ती काय साधी गोळी आहे' असं वाटतं. घरात जे काही तोंडावाटे पोटात जातंय, व्हिटॅमिन आणि आयुर्वेदिक चूर्णासकट, त्या सगळ्याचे फोटो मोबाईलमधे काढून घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर ठेवा.

मोगरा_२

औषधवाली ताईंना +१. मी घेतलीये ही गोळी. भूक खरंच कमी होते हो, म्हणजे दुपारी खायची आठवणच राहात नाही, डोक्यात सतत खाण्याचा विचार चालू असायचा तो शांत झाला, ते माझ्यासाठी फार मोठं होतं. पण झोपेचं पार वाटोळं झालं होतं. गोळी सकाळी लवकर घ्यायची असते हे मला केमिस्टने सांगितलं, तोवर मी दुपारी घेत होते आणि रात्री छताकडे बघत पडायचे. वेळ बदलल्यावर खूप फरक पडला.

बीपी घरी मोजत जा म्हणावं तिला, आणि नीट मोजा. मला नर्सने शिकवलं होतं, पाच मिनिटं खुर्चीत पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर, कपड्यावर नाही, आणि मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, मधे मिनिटभर सोडून. मशीन नाडीचा आकडाही दाखवतं, तोही लिहायचा. मी औषध सुरू व्हायच्या आधीपासूनच लिहायला लागले त्यामुळे आपलं नेहमीचं काय आणि गोळीमुळे वाढलेलं काय ते डॉक्टरांना एका नजरेत दिसलं. बहिणीचं बीपी काठावर आहे तर हे आजपासूनच सुरू करा, गोळी यायची वाट बघू नका.

आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा की चिडचिड होऊ शकते. माझ्या मुलांना कळेना आईला काय झालंय.

खडकवाट

एवढं घाबरवताय कशाला सगळे? डॉक्टरांनी दिलंय म्हणजे तपासूनच दिलं असेल ना. सरकारने मंजूर केलेली औषधं आहेत, कोणी गल्लीत विकत नाहीये. लठ्ठपणाने पण माणसं मरतातच की.

शोधक_मन

खडकवाट, तुमचा शेवटचा मुद्दा एकदम बरोबर आहे आणि म्हणूनच ही औषधं असावीत असंच माझंही मत आहे. पण या गटातल्या औषधांचा इतिहास वाचलात तर 'मंजूर आहे म्हणजे झालं' असं म्हणवत नाही. जरा लांबण लागेल, पण लिहितो.

१९६०च्या दशकात युरोपात अ‍ॅमिनोरेक्स नावाचं भूक मारणारं औषध आलं. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी इथे दुकानात मिळायचं. थोड्याच काळात तिथल्या डॉक्टरांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांमधलं बीपी वाढण्याचा एक दुर्मिळ आजार एकाएकी जास्त दिसायला लागला. माणूस जिना चढताना धापा टाकायचा, मग चालताना, मग बसल्या जागी. औषध मागे घेतलं तोवर अनेकांचे जीव गेले होते.

मग १९९०च्या दशकात अमेरिकेत फेन-फेन. फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन एकत्र. दोन्ही औषधं वेगवेगळी मंजूर होती, पण दोन्ही एकत्र द्यायला मंजुरी कधीच नव्हती, डॉक्टर आपल्या अधिकारात एकत्र लिहून देत होते, आणि लाखो लोक घेत होते. १९९७ मधे मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २४ बायकांची माहिती छापली, सगळ्या हे मिश्रण घेणाऱ्या, सगळ्यांच्या हृदयाच्या झडपा खराब. झडप जाड होते, नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतं. त्याच वर्षी सप्टेंबरमधे फेनफ्लुरामिन आणि त्याचं भावंड डेक्सफेनफ्लुरामिन बाजारातून गेलं. फेन्टरमिन राहिलं, कारण झडपांचं नुकसान फेनफ्लुरामिनच्या सेरोटोनिनवाल्या (सेरोटोनिन हे शरीरातलं आणखी एक निरोप पोचवणारं रसायन) कामामुळे होतं असं पुढे समजलं. (अवांतर: तेच फेनफ्लुरामिन २०२० मधे एका दुर्मिळ प्रकारच्या फिट्सवर परत मंजूर झालं, पण आधी आणि चालू असताना ठराविक काळाने इको (हृदयाची सोनोग्राफी) काढायच्या अटीवर. औषध तेच, फक्त लक्ष ठेवायची व्यवस्था लावली.)

फ्रान्समधे बेनफ्लुओरेक्सचं काय झालं ते तर फारच वाईट. नावाला डायबेटिसवाल्या जाड माणसांचं औषध, पण वजन कमी करायला सर्रास दिलं जायचं. १९७६ पासून २००९ पर्यंत विकलं गेलं. शरीरात गेल्यावर त्यातून फेनफ्लुरामिनचाच अंश तयार व्हायचा, म्हणजे १९९७ ला जे सगळ्या जगाला कळलं होतं ते तिथे आणखी बारा वर्षं चालू राहिलं. ब्रेस्ट शहरातल्या इरेन फ्राशों या फुप्फुसांच्या डॉक्टरने ते लावून धरलं म्हणून थांबलं. २०२१ मधे कंपनीला कोर्टाने दोषी ठरवलं.

सिबुट्रामिन २०१० मधे गेलं. सुमारे दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, ज्यांना आधीच हृदयाचा त्रास किंवा डायबेटिस होता अशांवर, आणि हार्ट अटॅक-स्ट्रोकचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त निघालं. रिमोनाबँट युरोपात २००६ मधे आलं आणि २००८ मधे थांबवावं लागलं, कारण नैराश्य आणि आत्महत्येचे विचार. लोर्कासेरिन २०१२ ला मंजूर, २०२० ला मागे, कॅन्सरची शंका आली म्हणून.

ही सगळी औषधं मंजूरच होती आणि यातली बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळत होती. भूक हा काही पोटातला एक स्विच नाही, मेंदू, हृदय, आतडी, मूड सगळं त्यात गुंतलेलं आहे, त्यामुळे औषध कुठे तरी दुसरीकडेही हात घालतंच. काही गोष्टी मंजुरीनंतर, हजारो-लाखो लोकांनी घेतल्यावरच दिसतात. म्हणून घेणाऱ्याने आपल्या शरीरात काय होतंय ते बघत राहायचं आणि सांगायचं, एवढंच माझं म्हणणं.

खडकवाट

शोधक, हे एवढं माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की लोक नुसतेच औषधांच्या नावाने बोटं मोडतायत. माझ्या मेव्हण्याला हल्ली जिना चढताना दम लागतो, तो पण अशीच काहीतरी गोळी घेतो, पण म्हणतो वजनामुळे लागतो. दाखवायला सांगू का?

औषधवाली

खडकवाट दादा, सांगा, आणि वाट बघू नका. गोळी सुरू झाल्यावर नव्याने दम लागायला लागला, आधी सहज जमायचं ते जमेनासं झालं, घोट्याला सूज, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. वजन कमी होत असताना दम कमी लागायला हवा, वाढायला नको. छातीत दुखत असेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, चेहरा एका बाजूला ओढला जात असेल तर फोनही नाही, थेट इमर्जन्सी.

सांजवेळ

मी इंजेक्शनवाली आहे, सेमाग्लुटाईड, आठवड्यातून एकदा. धागा गोळ्यांचा आहे पण आता बरेच लोक यावर आहेत म्हणून लिहिते. हे वेगळ्या रस्त्याने काम करतं, जेवल्यावर आतड्यातून जो जीएलपी-१ हॉर्मोन सुटतो त्याची नक्कल. पोट हळू रिकामं होतं, मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. धडधड वगैरे गोळीसारखी नाही (नाडी थोडी वाढते), पण मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे ठरलेलं.

डोस ०.२५ मिलीग्रॅमपासून सुरू होतो आणि साधारण दर चार आठवड्यांनी वाढवत २.४ पर्यंत नेतात, ते याच मळमळीसाठी, शरीराला सवय व्हायला. मधल्या पायऱ्या गाळून पुढे उडी मारायची नाही. माझ्या ओळखीच्या एकीने घाई म्हणून वरच्या डोसचं पेन घेतलं आणि उलट्यांनी सलाईन लावायची वेळ आली. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झालं की किडनीवर येतं, म्हणून घोट घोट का होईना पाणी पीत राहा आणि पोटात पाणीही राहात नसेल तर ताबडतोब दाखवा.

पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून ते पाठीकडे जात असेल आणि थांबत नसेल तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. उजवीकडे बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे, तर पित्ताशयातले खडे, वजन भरभर उतरलं की ते तसेही होतात. घरात कोणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर झालेला असेल तर हे इंजेक्शन घ्यायचंच नाही, त्यामुळे 'काकूला थायरॉईड होता' इतक्यावर थांबू नका, नेमका कोणता आजार होता ते विचारा.

आणि एक, ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू आहे ते न विसरता सांगा. उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलेत ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मला दातांच्या ऑपरेशनच्या वेळी कोणी विचारलं नव्हतं, मीच सांगितलं, मग त्यांनी तारीख पुढे ढकलली.

चैत्रपालवी

पोटभर वाचलं. सांजवेळ, थांबवल्यावर वजन परत येतं का? तेवढीच भीती आहे मला.

सांजवेळ

येतं गं, बऱ्याच जणांचं येतं. सेमाग्लुटाईडच्याच एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग परत आला. यात तुझा किंवा कोणाचा आळशीपणा नाही, भूक परत येते, शरीर जुन्या वजनाकडे ओढतं. म्हणून सुरू करतानाच डॉक्टरांना विचार की किती काळ चालवायचं आणि थांबवायचं कसं. वजनाबरोबर स्नायूही जातात, त्यामुळे प्रथिनं आणि वजनं उचलायचा व्यायाम, जमेल तेवढा, पहिल्या दिवसापासून.

नदीकाठ

बायकांसाठी एक लिहायचं राहतंय ते लिहिते. फेन्टरमिन आणि टोपिरामेट एकत्र असलेली कॅप्सूल मिळते, अमेरिकेत २०१२ पासून. टोपिरामेट मुळात फिट्सचं औषध. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ते पोटात गेलं तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा धोका वाढतो, आणि हे आपल्याला दिवस गेल्याचं कळायच्या आधी घडून गेलेलं असू शकतं. म्हणून सुरू करायच्या आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग दर महिन्याला टेस्ट, आणि खात्रीचं गर्भनिरोधक. डॉक्टरने हे विचारलं तर लाजू नका, आणि नाही विचारलं तर आपण विचारा.

त्यात हातापायाला मुंग्या, तोंडाची चव बदलणं, शब्द न आठवणं हेही होतं. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, मग माणूस घाबरतो. मुतखडे होऊ शकतात. एकाएकी डोळा दुखून अंधुक दिसलं तर लगेच डोळ्यांचे डॉक्टर. आणि वरच्या डोसवर असताना एकदम बंद करायचं नाही, फिट येऊ शकते, डॉक्टर सांगतील तसं एक दिवसाआड घेत उतरवायचं.

टिर्झेपॅटाईड इंजेक्शन घेणाऱ्या मैत्रिणींनो, त्याने गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरा काहीतरी उपाय वापरा. वजन उतरलं की पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते, आणि नेमका तेव्हाच गोळीचा भरवसा कमी. फार कमी जणींना हे सांगितलं जातं, मला त्याचा खरंच राग येतो.

मनमोकळी

मनाच्या बाजूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नालट्रेक्सोन-बुप्रोपिऑन अशी एक जोडगोळी आहे. बुप्रोपिऑन हे डिप्रेशनचं औषध, त्यामुळे त्यावर आत्महत्येच्या विचारांबद्दलचा इशारा ठळक छापलेला असतो, खास करून तरुण मुलांसाठी. फिट्सचा त्रास असणाऱ्यांना आणि पूर्वी कधी खाऊन उलटी काढायचा किंवा उपाशी राहायचा आजार झालेल्यांना ती देत नाहीत. अफूच्या जातीची वेदनाशामकं चालू असतील तरीही नाही, कारण नालट्रेक्सोन त्यांना अडवतं आणि माणूस एकदम विड्रॉवलमधे जातो, म्हणजे सवयीचं औषध अचानक तुटल्यावर होतो तसा त्रास होतो. खूप तेलकट जेवणासोबत घेतली तर औषध रक्तात जास्त जातं आणि फिटचा धोका वाढतो.

माझी कळकळीची विनंती, ज्यांना खाण्याशी पूर्वी असं भांडण होतं त्यांनी कुठलंही भूक मारायचं औषध घ्यायच्या आधी डॉक्टरांना ते सांगा. न खाणं सोपं झालं की जुना आजार बोट धरून परत येतो आणि बाहेरून सगळे 'किती छान बारीक झालीस' म्हणत असतात. मी यातून गेलेय. घरात कोणी हे औषध घेत असेल तर तिचं वजन विचारू नका, झोप कशी आहे, मूड कसा आहे, जेवते का, ते विचारा.

औषधवाली

मनमोकळी, लिहिलंस ते फार बरं केलंस.

डायबेटिसवाल्यांसाठी एक भर. खाणं कमी झालं आणि इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्यांचा डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. भूक मारणारं काहीही सुरू करताना आधी त्या डॉक्टरांशी बोला.

आणि 'हर्बल', 'शंभर टक्के नैसर्गिक' कॅप्सूल ऑनलाइन मागवणाऱ्यांना हात जोडून सांगते. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) अशा कॅप्सूल तपासल्यावर त्यात वारंवार सिबुट्रामिन सापडलंय, जे वर शोधक म्हणाले ते, हृदयाच्या धोक्यामुळे काढून टाकलेलं. वेष्टनावर त्याचं नाव नसतं. किती घातलंय तेही कोणाला माहीत नाही. चिठ्ठीचं औषध चालू असताना वरून असलं काही घेतलं तर डॉक्टरांनाही कळायचं नाही की बीपी कशाने वाढलं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगितलं नसतं. बहिणीला पूर्ण धागा वाचायला दिला. पट्टी तिने परत केली. सगळ्या गोळ्यांचे फोटो घेऊन आम्ही दोघी डॉक्टरांकडे जाऊन आलो. सर्दीची गोळी त्यांच्या कागदावर नव्हतीच. घरी लिहिलेले बीपीचे आकडे बघून ते म्हणाले की आत्ता फेन्टरमिन नको, आधी बीपी खाली आणू, सर्दीसाठी नाकातला स्टेरॉईड स्प्रे दिलाय, ईसीजी आणि थायरॉईड करायला सांगितलंय, आणि घोरण्यासाठी झोपेची तपासणी. मग औषध कुठलं ते ठरवू म्हणाले. ती थोडी हिरमुसलीये, तिला वाटत होतं आता सुरू होईल.

एक विचारायचं राहिलं. उद्या समजा सुरू झालंच, तर काम करतंय की नाही हे कधी ठरवायचं? नाहीतर वर्षभर घेतच राहायची.

औषधवाली

फेन्टरमिन मुळात थोड्या आठवड्यांसाठीच मंजूर आहे, बहुतेक ठिकाणी १२ आठवड्यांपर्यंत. त्यापुढे चालवायचं तर डॉक्टरांनी कारण सांगायला हवं. टोपिरामेटवाल्या कॅप्सूलला पूर्ण डोसवर १२ आठवडे देतात, तेवढ्यात सुरुवातीच्या वजनाच्या ५ टक्के तरी कमी झालं नाही तर हळूहळू बंद करायचं. म्हणजे १०० किलोचा माणूस असेल तर ५ किलो. भूक परत जाणवायला लागली म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवायचा नाही, सवय लागायचा धोका तिथेच असतो. गोळ्या उरल्या तर केमिस्टकडे परत घेतात का विचारा, कपाटात ठेवू नका आणि कोणाला देऊ नका.

बहिणीला सांग, बीपी आणि झोपेची तपासणी झाली की निम्मं काम झालं. घोरणं जर झोपेत श्वास अडकण्यामुळे असेल तर त्यावर उपाय केल्याने बीपीलाही मदत होते. रिपोर्ट आले की इथे लिहा.